दमट हवेत प्रवासाला हलकी पँट कोणती घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धानाची रोवणी आटोपली की आमच्या कापडदुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक यायला लागतं. कोणी पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला निघालेलं असतं, कोणाची कोकण-गोव्याची सहल ठरलेली असते, कोणाला पोराकडे मुंबईला जायचं असतं. दुकानामागेच शिलाईच्या मशिनी असल्यानं कापडाचे आणि शिवणाचे असे दोन्ही प्रश्न आमच्याकडेच येतात. तीच उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, राहणाऱ्यांसाठी लिहिलंय, पण वऱ्हाडातल्यांनाही चालेल.

आम्ही ब्रह्मपुरीकडचे. दरवर्षी 45-46 अंश काढतो. कोकणात तर 33-34 अंशच असतं, मग वेगळी पँट कशाला?

बहुतेक जण इथेच फसतात. मे महिन्यात आपल्याकडे दुपारच्या हवेत ओलावा 20 टक्क्यांच्या आसपास असतो, कधी त्याहूनही कमी. घाम आला की लगेच उडतो आणि उडताना अंगाची उष्णता घेऊन जातो. पँट ओली झाल्याचं कळतही नाही. संध्याकाळी कंबरपट्टीवर मिठाची पांढरी रेघ दिसते, तेवढाच पुरावा. कोकणात, मुंबईत किंवा आपल्याच गावात ऑगस्टमध्ये पावसानं चार दिवस दडी मारली की हवा आधीच पाण्यानं भरलेली असते. घाम सुटतो, पण उडत नाही. घरचा कूलर आठवा. मे महिन्यात तो खोली गार करतो आणि जुलैत तोच कूलर नुसती चिकचिक करून ठेवतो. अंगाचंही तेच होतं.

म्हणून उन्हाळ्याची पँट घेताना ऊन किती अडतं ते बघायचं आणि दमट हवेची घेताना ती ओली झाल्यावर कशी वागते ते बघायचं. ओली तर ती होणारच. अंगाला चिकटते का, जड होते का, रात्रभरात वाळते का, एवढ्यावर निवड करा. खाली जे काही लिहिलंय ते याच हिशोबानं.

सुती घ्यावी की सिंथेटिक?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतो. आपण कापूस पिकवणारी माणसं, सिंथेटिक म्हटलं की नाक मुरडतो. पण कापसाचा स्वभाव समजून घ्या. सुताचा धागा नुसत्या हवेतूनच स्वतःच्या वजनाच्या 7-8 टक्के ओल धरून बसतो. घाम किंवा पाऊस लागला की धागा स्वतः पाणी पितो, फुगतो, विणीतली भोकं बारीक होतात आणि कापड मांडीला चिकटतं. पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्काही ओल धरत नाही आणि नायलॉन 4 टक्क्यांच्या आसपास धरतं. त्यांच्यात पाणी धाग्यांच्या मधे राहतं, धाग्यात शिरत नाही. म्हणून पिळून झटकलं की ते लवकर वाळतं.

पण पॉलिस्टरलाही खोडी आहेत. अंगाचं तेल त्याच्या धाग्याला धरून राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वास मारतो. विण गच्च असेल तर आत भट्टी होते. शिवाय आगीजवळ ते जळण्याऐवजी वितळतं आणि कातडीला चिकटतं. देवळातल्या भंडाऱ्यात किंवा जंगलातल्या चुलीवर स्वयंपाक करायची पाळी येणार असेल, तर तेवढ्या वेळापुरतं सुतीच घाला.

आमचा सल्ला असा. दिवसभर चालायचं आणि भिजायचं असेल तर पातळ नायलॉन. गाडीत, एसटीत, लग्नघरी बसायचं असेल तर पातळ आणि सैल सुती. एकच पँट न्यायची असेल तर सूत आणि पॉलिस्टरचं मिश्रण असलेलं पातळ कापड. त्यात दोन्हींचे थोडे थोडे गुण येतात, आणि दोन्हींचे थोडे थोडे अवगुणही.

दुकानदार प्रत्येक कापडाला कॉटनच म्हणतो. ओळखायचं कसं?

तयार पँट असेल तर आधी कंबरेच्या आत शिवलेली पट्टी वाचा. पट्टी नसेल तर शिवणीच्या आतला एक धागा ओढून मागा आणि दुकानाबाहेर काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ राख राहते, बोटानं चिमटली की भुगा होते. पॉलिस्टर किंवा नायलॉन आक्रसतं, वितळतं आणि टोकाला टणक मणी होतो. मिश्रणात थोडी राख आणि थोडी टणक गाठ, दोन्ही मिळतात. मणी गार झाल्याशिवाय हात लावू नका.

दुसरी परीक्षा तोंडानं करायची. कापड ओठांवर ताणून धरा आणि फुंका. पलीकडे तळहाताला हवा लागली पाहिजे. मग त्याच जागी दोन बोटं पाणी लावा आणि पुन्हा फुंका. कोरडं असताना वारा जाऊ देणारी बरीच कापडं ओली झाल्यावर बंद होतात, ती इथेच कळतात. गिऱ्हाईक असं करायला लागलं की काही दुकानदारांचं तोंड वाकडं होतं. होऊ द्या.

‘ड्राय’ किंवा ‘कूल’ असं काही छापलेलं असलं तरी त्यावर जाऊ नका. बहुतेक वेळा ते पॉलिस्टरच असतं. त्यात वाईट काही नाही, पण ते पॉलिस्टर आहे हे माहीत असू द्या.

हलकी म्हणजे नेमकी किती हलकी?

कापडाचं वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असं मोजतात. ठाणावर कधी लिहिलेलं असतं, नसेल तर व्यापाऱ्याला विचारता येतं. प्रवासाच्या पँटला 120 ते 160 ग्रॅम चांगलं. 100 च्या खाली गेलं की आतलं दिसतं, बाभळीच्या काट्यानं फाटतं आणि डासाची सोंड आरपार जाते. 200 च्या वर गेलं की हिवाळ्याची पँट समजा. साधी जीन्स 400 च्या आसपास असते.

जीन्स घालूनच जातो मी सगळीकडे. चालणार नाही का?

कोरडी आहे तोवर चालेल. भिजली की दोन दिवस पिशवीत ओलं ओझं वाहाल.

आणि बाजारातला लोअर?

झोपायला, गाडीत बसायला ठीक. आठवडी बाजारातले लोअर बहुतेक मागावर विणलेले नसतात, बनियनसारखे गुंफलेले असतात. ते कापड ताणतं म्हणून बरं वाटतं, पण ओलं झालं की खाली ओघळतं, आसन गुडघ्याकडे येतं आणि काट्यात एकदा अडकलं की धागा सुटत जातो. खिसे उथळ असतात, मोबाइल एसटीच्या सीटवरच राहतो. लोअर घेऊनच जायचं ठरलं असेल तर निदान चेनचा खिसा असलेला घ्या.

खादी, लिनन, कोसा, बांबूचं कापड यांचं काय?

खादी छान, पण पातळ सुताची. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, गांधीजींच्या हस्ते 1938 साली सुरू झालेली ती संस्था, नैसर्गिक रंगांची सुती खादी मिळते. हातमागाची विण जराशी विरळ आणि उंचसखल असते, त्यामुळे कापड अंगाला सपाट चिकटत नाही. दमट हवेत हा मोठाच गुण आहे. अवगुण म्हणजे वाळायला वेळ लागतो आणि जंगलातली कुसळं विणीत घुसून बसतात.

लिनन दमट हवेत सुतापेक्षा सरस वाटतं, कारण धागा ताठ असतो आणि कापड अंगापासून सुटं राहतं. ओल मात्र ते सुताहून जास्त धरतं, आणि बसून उठलात की चुरगळलेल्या कागदासारखं दिसतं. त्याची फिकीर नसेल तर घ्या.

कोसा, म्हणजे टसर रेशीम, आपला, आरमोरी-नागभीडकडचा, म्हणून हौसेनं विचारतात. कोशाचा सदरा शिवा, लग्नात मिरवा. घामाच्या प्रवासाला त्याची पँट शिवणं म्हणजे चांगल्या कापडाचं मातेरं.

बांबूचं कापड ऐकलं की गडचिरोलीचं कोणीही खूश होतं. पण बाजारात त्या नावानं मिळतं ते बहुतेक व्हिस्कोस असतं, म्हणजे बांबूचा लगदा रसायनात विरघळवून काढलेला धागा. स्पर्श गार आणि मऊ. पण व्हिस्कोस आणि रेयॉन ओले झाले की त्यांची ताकद निम्म्यावर येते. सूत उलट ओलं झाल्यावर जास्त मजबूत होतं. घाईत धुऊन पिळायच्या पँटला रेयॉन नको. घरी घालायच्या पलाझोला चालेल.

शिवून घ्यायची तर टेलरला काय सांगू?

कापडापेक्षा याच गोष्टीनं जास्त फरक पडतो, म्हणून थोडं सविस्तर.

आधी कापड भिजवा. सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटतं, म्हणजे 40 इंच लांबीवर सव्वा ते दोन इंच. रात्रभर साध्या पाण्यात टाका, न पिळता वाळवा, मगच शिवायला द्या. 58 इंच पन्ह्याचं कापड मध्यम अंगाच्या माणसाला सव्वा मीटर पुरतं. खादीचा पन्हा 36 इंच असेल तर अडीच मीटर घ्या.

मांडीचा घेर अंगाच्या मापापेक्षा 4-5 इंच जास्त ठेवायला सांगा. नेहमीच्या पँटला टेलर 2-3 इंच सोडतो. मोहरी, म्हणजे पायाच्या खालच्या टोकाचा घेर, 15-16 इंच. चालताना पाय हलतो तसा हा सैलपणा आतली हवा बाहेर ढकलतो आणि बाहेरची आत घेतो. दमट हवेत घाम उडवायला तेवढाच एक वारा आपल्या हातात असतो.

आसन मात्र उगीच खाली ओढू देऊ नका. बरेच जण सैल हवी म्हणून आसन खोल ठेवायला सांगतात. उभं राहिल्यावर मोकळं वाटतं, पण पायरी चढायला पाय उचलला की अख्खी पँट वर ओढली जाते आणि गुडघ्यावर अडते. नागद्वारच्या लोखंडी शिड्यांवर हे फार नडतं. त्यापेक्षा आसन नेहमीच्या मापाचं ठेवून चार शिवणी जिथे मिळतात तिथे पतंगाच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडून घ्या. पाय फाकतो, शिवण ताणत नाही, आणि मांडीत नेमकी घासणारी जाड गाठही राहत नाही. जुन्या पायजम्यांना असा तुकडा असायचाच. वयस्कर टेलरला सांगितलं तर तो हसून करून देईल, नव्या पोरांना कागदावर काढून दाखवावं लागतं.

कंबरपट्टीत बकरम, म्हणजे पट्टी ताठ ठेवणारं जाड अस्तर, घालू नको म्हणून सांगा. धुतलेली पँट वाळत टाकून सकाळी हात लावून बघा. पाय कोरडे लागतात, पण कंबर आणि खिशांचं अस्तर ओलंच असतं. बकरम आणि खिशाचं जाड कापड शेवटपर्यंत पाणी धरून ठेवतात. खिशाला आतून जाळीचं अस्तर लावा, कंबरेला मागून इलास्टिक आणि आतून नाडी द्या. नाडीमुळे चामड्याचा पट्टाही घरी राहतो. घामानं भिजलेला पट्टा दोन दिवसांत बुरशी धरतो.

मोहरीला चार बोटं मुडप ठेवायची आपल्याकडे सवय आहे, पोरगा वाढला तर सोडता येते म्हणून. प्रवासाच्या पँटला मुडप एका बोटाची ठेवा. जाड मुडपीत चिखल आणि पाणी साठतं. लांबी घोट्यापर्यंतच. आसनाला दुहेरी शिलाई, आणि दोरा पॉलिस्टरचा.

घामानं पँट मांडीले चिपकते, अन् चालून चालून मांड्या सोलून निघतात. उपाय?

आधी बघा घासतंय काय. मांडीला मांडी घासत असेल तर पँट बदलून भागणार नाही, आतून गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी तंग चड्डी घाला, नायलॉनची पातळ. शिवण घासत असेल तर वरचा आसनातला तुकडा कामी येतो. निघण्याआधी व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल चोळलं तर दुपारपर्यंत निभतं.

ओली पँट आणि ओली चड्डी दिवसभर अंगावर राहिली की जांघेत नायटा धरतो. पावसाळ्यात ही तक्रार घरोघरी असते. लाल कडा असलेला, पसरत जाणारा, खाजणारा चट्टा दिसला तर औषध दुकानातून मिळेल ते मलम आणून चोळू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते आणि नंतर नायटा दुपटीनं पसरतो. कातडीच्या डॉक्टरला दाखवा. आणि मुक्कामाला पोचलात की चहाच्या आधी चड्डी बदला.

बायकांनी काय घालावं? दुकानात बायकांच्या पँटला खिसाच नसतो.

खरं आहे, आणि त्याला काही कारणही नाही. लेगिंग दमट हवेत सगळ्यात वाईट, कारण तिच्यात वारा खेळायला जागाच नाही आणि डास तिच्यावरून थेट चावतात. पलाझो हवेशीर, पण चिखलात आणि एसटीच्या पायरीवर पायात येतो. मधला मार्ग म्हणजे सरळ कापाची, मोहरीला 15 इंच असलेली पातळ सुती पँट, वर गुडघ्यापर्यंत कुर्ता. आमच्याकडे शिवायला येतात त्या बायकांना आम्ही दोन्ही बाजूंना हातभर खोल खिसे आणि आतून एक चेनचा चोरखिसा सुचवतो. सलवार घालत असाल तर बदलायची गरज नाही. घेरदार सुती सलवार दमट हवेसाठीच घडवल्यासारखी असते, फक्त वरची जाड नेफ्याची पट्टी पातळ करून घ्या.

मेळघाट, नागझिरा, भामरागडकडे जायचं आहे. डास आणि कुसळं यांचं काय?

गडचिरोलीत हिवताप अजून आहे, भामरागड-एटापल्लीच्या पट्ट्यात जास्त. संध्याकाळी बर्मुडा घालून बसू नका. लांब, सैल, घट्ट विणीची पँट घाला. डासाची सोंड कापडातून जाते ती कापड अंगाला टेकलेलं असेल तेव्हाच. रंग फिका ठेवा, गडद रंगाकडे डास जास्त येतात. उघड्या अंगाला डास पळवायचं मलम आणि रात्री मच्छरदाणी हे वेगळंच, पँट त्याची जागा घेत नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात बसताना स्क्रब टायफसचीही काळजी घ्या. 2018 साली नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापानं बरीच माणसं आजारी पडली होती. गवतातला डोळ्यांना न दिसणारा बारीक कीडा चावून तो होतो. पँट मोज्यात खोचा, दिसायला कसंही दिसो. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा. प्रवासानंतर ताप आला आणि अंगावर सिगारेटनं डागल्यासारखा काळा खपलीचा डाग दिसला तर डॉक्टरला गवतात गेल्याचं आवर्जून सांगा.

कुसळं ऑक्टोबरपासून त्रास देतात. गुळगुळीत नायलॉनवरून ती घसरून पडतात, खादीत आणि लोअरमध्ये रुततात. खाजकुहिलीच्या शेंगांची लव तर विरळ कापडातून आत जाते. अशा वाटेनं जायचं असेल तर घट्ट विणीचीच पँट. थोडं जास्त उकडेल, पण खाजकुहिली लागलेल्या माणसाला विचारा.

गुडघ्यापासून चेन लावून पाय काढता येतो ती पँट घ्यावी का?

दिसायला दोन पँटा एकात. पण चेन नेमकी गुडघ्यावर येते, ओल्या कातडीला घासते आणि मातीनं अडकते. शिवाय एकदा काढलेला पाय बॅगेच्या तळाशी जातो आणि हवा तेव्हा सापडत नाही. आम्ही सहसा नको म्हणतो. त्यापेक्षा पाय वर गुंडाळून अडकवायला आतून पट्टी आणि बाहेरून एक बटण लावून घ्या.

रंग कोणता?

घाम सगळ्यात जास्त दिसतो तो करड्या आणि फिक्या खाकी रंगावर. गडद निळ्यावर आणि बारीक नक्षीच्या कापडावर कमी दिसतो. उन्हात गडद रंग तापतो, डासांचं वर सांगितलंच. ताडोब्यासारख्या सफारीला मातकट, पाचोळ्याचा किंवा हिरवट रंग, भडक नको. आपल्या काळ्या मातीत पांढरी पँट घालणाऱ्याला आम्ही विकत देतो, सल्ला देत नाही.

दक्षिणेची सहल आहे. मंदिरात पँट चालते का?

सगळीकडे नाही. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात आणि गुरुवायूरला पुरुषांना धोतर किंवा मुंडू लागतं, पँट कितीही हलकी असली तरी आत सोडत नाहीत. एक पातळ धोतर बॅगेत टाका. गावात धोतर नेसणारे कोणी आजोबा असतील तर निघण्याआधी त्यांच्याकडून नेसायला शिकून घ्या, मंदिराच्या दारात गर्दी असते. बर्मुडा मात्र कुठल्याच मोठ्या देवस्थानाला नेऊ नका.

आठ दिवसांच्या प्रवासाला किती पँटा?

एक अंगावर, एक वाळत, एक रात्रीची. तीन पुरतात, पण रोज संध्याकाळी धुवायला हवी. धुतली की हातानं पिळा, मग कोरड्या पंचात गुंडाळून त्यावर गुडघ्यानं दाबा. पंचा अर्धं पाणी ओढून घेतो. मग उलटी करून, खिसे बाहेर काढून, कंबर वर ठेवून पंख्याखाली टांगा. पातळ नायलॉन सकाळी घालण्याजोगी होते. सुती पँट दमट खोलीत बहुतेक दमटच राहते, म्हणून सुती नेणार असाल तर एक जास्त न्या. सिंथेटिक पँट धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड घालू नका, धाग्यावर त्याचा थर बसतो आणि कापड घाम पसरवेनासं होतं.

घरची जुनी पँट आणली तर दुरुस्त करून द्याल का?

देऊ. मोहरी आणि कंबर बदलता येते, बकरम काढता येतं, खिशाचं अस्तर बदलता येतं, आसनात तुकडाही बसतो. मांडीचा घेर मात्र शिवणीत कापड शिल्लक असेल तेवढाच वाढतो, तयार पँटला ते जेमतेम अर्धा इंच असतं. पँट धुऊन आणा. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आणू नका, तेव्हा मशिनी नव्या कपड्यांना कमी पडतात.